हॉर्नेटची टोपी खरंच युद्धातली?

टोपीवेडा: निळी टोपी, सोनेरी धाग्यात ‘हॉर्नेट सीव्ही-८’ (अमेरिकी विमानवाहू जहाजाचं नाव आणि क्रमांक), खाली जहाजाचं छोटं चित्र. देणारे काका छातीठोकपणे सांगतात, ‘१९४२ची आहे, नौसैनिकाच्या डोक्यावरची!’ मला मागचा प्लॅस्टिकचा पट्टा खुपतोय. जाणकारांनो, काय म्हणता?

जुनीबिल्ले: खुपतोय ते बरोबरच. तेव्हाचे अमेरिकी खलाशी पांढरी गोल टोपी घालायचे. निळ्या चपट्या टोपीच्या फितीवर आधी जहाजाचं नाव असे, पण १९४१पासून गुप्ततेसाठी नुसतं ‘यू.एस. नेव्ही’. नाव मिरवणारी तुमची टोपी नंतरची, आठवण म्हणून काढलेली.

दर्यावर्दी: चित्रही नीट बघा. सीव्ही-८ म्हणजे जपानवरच्या हल्ल्यासाठी डूलिटल या अमेरिकी अधिकाऱ्याची १६ बी-२५ बाँबफेकी विमानं नेणारी, ऑक्टोबर १९४२मध्ये पॅसिफिकमधल्या सांताक्रूझ बेटांच्या लढाईत बुडाली. तिची धावपट्टी सरळ होती. पुढची हॉर्नेट सीव्ही-१२, आता कॅलिफोर्नियात अलामेडाला संग्रहालय आहे. तिला १९५६मध्ये तिरकी धावपट्टी मिळाली.

टोपीवेडा: भिंग लावलं. धावपट्टी चक्क तिरकी! आकडा एकीचा, चित्र दुसरीचं. काकांना अजून बोललो नाही, धीर होत नाही. टोपी मात्र ठेवणार. अशी चूक रोज कुठे सापडते?

जुनीबिल्ले: ठेवाच. फक्त धुऊ नका, रंग उतरेल.