रात्री पोटरीत गोळा येऊन जाग येते, आता रोजचंच झालंय. काय करू?

पोळीवाली_ठाणे:
नमस्कार. वय ५३, ठाण्यात छोटं पोळीभाजी केंद्र चालवते. पहाटे साडेचारला ओट्यापाशी उभी राहते ती दुपारी एक वाजेपर्यंत, मग संध्याकाळी परत पाच ते आठ. गेले चार-पाच महिने रात्री दोन-अडीचच्या सुमाराला डाव्या पोटरीत असा गोळा येतो की मी ओरडतच उठते. पोटरी दगडासारखी होते, हाताला चक्क गोळा लागतो, पायाची बोटं खाली वळतात आणि पाय सोडवताच येत नाही. दोन-तीन मिनिटांत जातो, पण तेवढ्यात डोळ्यातून पाणी येतं. मिस्टर उठून चोळून देतात, तेही बिचारे दिवसभर दमलेले असतात. सकाळी पोटरी ठणकत असते आणि त्याच पायावर आठ-नऊ तास उभं राहायचं. आठवड्यातून चार वेळा तरी होतं, कधी कधी उजव्या पायातही.

शुगर नाही. बी.पी.ची गोळी आहे, मध्यंतरी डॉक्टरांनी बदलून दिली. शेजारीण म्हणते कॅल्शियम कमी झालंय, नणंदेने पायात काळा दोरा बांधायला लावला, मेडिकलवाल्याने मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्या त्या महिनाभर खाल्ल्या, रोज एक केळं खाते. काही फरक नाही. आता रात्री अंथरुणाला पाठ टेकायचीच भीती वाटते. कुणाला असं होतं का, तुम्ही काय केलंत ते सांगा प्लीज.

माळकरी_सातारा:
ताई, आमच्याकडे याला वांब येणं म्हणतात. मी आळंदीहून पायी वारी करतो, बरीच वर्षं झाली. पुण्याहून सासवडला जायचा टप्पा लांबचा आणि मधे दिवेघाट, त्या रात्री तंबूत कुणा ना कुणाचा पाय वळतोच, नवीन माणूस असेल तर नक्की. त्यामुळे गोळा आल्यावर काय करायचं ते सांगतो, बाकी औषधातलं जाणकार सांगतील.

गोळा आला की चोळायच्या आधी पाय ताणायचा. गुडघा सरळ ठेवायचा आणि पंजा आपल्या नडगीकडे ओढायचा, म्हणजे टाच पुढे जाते आणि बोटं आपल्याकडे येतात. हात पोचत नसेल तर पंचा नाहीतर जुनी ओढणी पंज्याखालून घालायची आणि दोन्ही टोकं हातात धरून हळूहळू ओढायची, झटका अजिबात द्यायचा नाही. ती ओढणी रात्री उशाशीच ठेवा, अंधारात शोधायला लागता कामा नये. उठता येत असेल तर पलंगाला किंवा भिंतीला धरून उभं राहायचं आणि त्या पायाची टाच फरशीला घट्ट दाबायची, सगळा भार टाचेवर. आमच्या दिंडीतले म्हातारे तेवढंच करतात आणि अर्ध्या मिनिटात सुटतो. पण धरल्याशिवाय उभ्या राहू नका, अर्धवट झोपेत तोल जातो, आमच्या दिंडीत एकजण असाच पडला होता आणि मनगट मोडून घेतलं.

गोळा सुटला की मग चोळा, खालून वर, टाचेकडून गुडघ्याकडे. गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं ठेवली की सकाळचा ठणका कमी राहतो. वाटेवर गावोगावची माणसं वारकऱ्यांचे पाय तेल लावून चेपून देतात ना, त्याने किती बरं वाटतं ते एकदा अनुभवलंय म्हणून मी पण आता मुक्कामाला पोचलो की आधी दुसऱ्यांचे पाय चेपायला बसतो.

रात्रपाळी_नर्स:
ताई तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय, की बी.पी.ची गोळी बदलली. कधी बदलली आणि गोळे कधीपासून यायला लागले, हे जरा आठवून बघा. आणि गोळीच्या पाकिटामागे बारीक अक्षरात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं काही लिहिलंय का बघा. ही लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारी औषधं आहेत, बी.पी.च्या बऱ्याच गोळ्यांमध्ये दुसऱ्या औषधाबरोबर मिसळलेली असतात आणि पेशंटला ते माहीतही नसतं. यांनी काही जणांच्या रक्तातलं सोडियम, पोटॅशियम कमी होतं आणि पोटऱ्या वळायला लागतात. सगळ्यांना नाही होत. पण नाव सापडलं तर डॉक्टरांना जाऊन सांगायचंच.

हात जोडून सांगते, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बी.पी. वाढून काय होतं ते मी वॉर्डात रोज बघते.

दम्याच्या पंपातली काही औषधं, कोलेस्टेरॉलची गोळी, यांच्यामुळेही काहींना स्नायूंचा त्रास होतो. बाकी काय काय गोळ्या चालू आहेत? आणि पाणी किती पिता दिवसभरात?

पोळीवाली_ठाणे:
पाकीट बघितलं. क्लोरथॅलिडोन लिहिलंय! गोळी बदलली दिवाळीनंतर आणि गोळे साधारण डिसेंबरपासून. माझ्या डोक्यातच आलं नाही हो. दुसरी कुठली गोळी नाही.

पाण्याचं म्हणाल तर खरं सांगते, कमी पिते. गाळ्यात बाथरूम नाहीये, बाजूच्या बिल्डिंगमध्ये जावं लागतं आणि वॉचमन कुरकुर करतो, म्हणून सकाळी चहा झाला की दुपारपर्यंत जेमतेम दोन ग्लास. तव्यापुढे घाम तर धो धो येतो.

जुळ्यांची_आई:
मला प्रेग्नन्सीत शेवटचे तीन महिने रोज यायचे गोळे आणि मला मॅग्नेशियमनेच फरक पडला, त्यामुळे ते उपयोगाचं नाही असं सरसकट कुणी म्हणू नये. ताई कदाचित तुमचा डोस कमी पडत असेल.

फिजिओ_कोल्हापूर:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापूरला प्रॅक्टिस आहे. जुळ्यांची_आई, तुम्हाला बरं वाटलं हे खोटं नाही, पण प्रेग्नन्सीतले गोळे बाळंतपणानंतर बहुतेकींचे आपोआप जातात, आणि रात्रीचे गोळे एरवीही काही दिवस येतात, काही दिवस गायब होतात, त्यामुळे त्या काळात जे चालू असतं त्याला श्रेय मिळतं. मॅग्नेशियमवरच्या सगळ्या चांगल्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेनने, म्हणजे औषधोपचारांवरचे अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने, २०२० मध्ये पुन्हा आढावा घेतला, त्यात वयस्कर माणसांच्या पायात येणाऱ्या गोळ्यांवर त्याचा म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही. गरोदरपणातले निकाल उलटसुलट आहेत. म्हणून ताईंना डोस वाढवा असं मी सांगणार नाही, जास्त घेतलं तर जुलाब होतात आणि किडनी कमजोर असेल तर ते धोक्याचं.

केळ्याचं पण तसंच. तपासणीत पोटॅशियम कमी निघालं तर डॉक्टर त्याप्रमाणे देतील, नाही निघालं तर केळं हे फळ म्हणून खा. किडनीच्या पेशंटने तर विचारल्याशिवाय केळी आणि नारळपाणी वाढवायचंच नाही. कॅल्शियमही तपासल्याशिवाय नको.

आता पोटरीकडे येते, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बायका, शिक्षिका, दुकानातल्या मुली हेच जास्त असतात. दिवसभर एका जागी उभं राहून पोटरीचा स्नायू थकतो, आणि झोपल्यावर पाऊल आपोआप खाली झुकतं, बोटं पुढे जातात, म्हणजे तो थकलेला स्नायू आखडलेल्या अवस्थेतच पडून राहतो. त्यात झोपेत कूस बदलताना जरा ताणलं गेलं की नस त्याला आवळायचा इशारा देत सुटते आणि तो सुटतच नाही. नेमकं का होतं यावर अजून वाद आहेत, पण पंजा वर ओढला की सुटतो हे सगळे बघतात आणि तोच धागा धरून व्यायाम द्यायचा असतो.

रोज झोपायच्या आधी, अगदी अंथरूण घातल्यावर, भिंतीपासून हातभर लांब उभं राहायचं, दोन्ही तळवे भिंतीला. एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, पाऊल सरळ समोर. आता पुढचा गुडघा वाकवत छाती भिंतीकडे न्यायची, मागच्या पोटरीत ताण जाणवेल, दुखणार नाही इतपतच. २०-३० सेकंद थांबायचं, श्वास चालू ठेवायचा, दोन्ही पायांना तीन-तीन वेळा. मग हेच मागचा गुडघा थोडा वाकवून करायचं, त्याने आतला खालचा स्नायू ताणला जातो, तो बहुतेक लोक विसरतात. मग पलंगावर बसून पाय लांब करून कमरेतून पुढे वाकायचं, मांडीची मागची बाजू ताणायला. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. नेदरलँड्समध्ये २०१२ साली पंचावन्नच्या वरच्या ८० जणांवर याचा अभ्यास झाला होता, अर्ध्यांना रोज रात्री पोटरी आणि मांडी ताणायला लावली, सहा आठवड्यांत त्यांचे गोळे कमीही झाले आणि सौम्यही. दोन दिवसांत चमत्कार होणार नाही, महिना-दीड महिना धरायचा.

केंद्रात अनवाणी फरशीवर उभ्या राहता का? तर मऊ तळव्याची चप्पल घाला, पायाखाली जाड रबरी मॅट टाका, आणि ओट्याखाली पोळपाटाच्या उंचीएवढा एक लाकडी पाट ठेवून आलटून पालटून एक पाय त्यावर ठेवत जा. दर अर्ध्या तासाला दहा वेळा टाचा उचलून खाली ठेवा, पोळी तव्यावर फुगतेय तेवढ्यात होतं. रात्री पांघरूण पायाशी गादीखाली घट्ट खोचू नका, त्याने पाऊल अजून खाली दाबलं जातं.

आणि बाथरूमसाठी पाणी तोडणं, हे मी इतक्या बायकांकडून ऐकते की संताप येतो, तुमच्यावर नाही, त्या व्यवस्थेवर. आठ तास तव्यापुढे घाम गाळणाऱ्या बाईला बाथरूमला जायला कुणाची परवानगी लागू नये. सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोला, महिन्याला काही द्यावं लागलं तरी द्या, पण पाणी प्या.

एकुलता_एक:
थोडं वेगळं सांगतो, कारण आमच्याकडे यात उशीर झाला. बाबांना पण पोटऱ्या भरून यायच्या, आम्ही गोळेच समजत होतो. पण त्यांना झोपेत नाही तर चालताना यायच्या, बसस्टॉपपर्यंत गेले की थांबायचे, दोन मिनिटं उभे राहिले की दुखणं जायचं, परत चालले की परत तेच. तंबाखू आणि बिडी जन्मभराची. आम्ही वर्षभर तेल चोळत बसलो. शेवटी पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं निघालं. तेव्हा चालताना येणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं असेल तर ते साधे गोळे समजू नका एवढंच सांगायचं होतं.

रात्रपाळी_नर्स:
अगदी बरोबर. अजून एक जोडते. एकच पाय सुजला, गरम लागतोय, लाल किंवा काळसर दिसतोय आणि दुखणं थांबतच नाहीये, तर ते शिरेत रक्ताची गाठ अडकल्याचं असू शकतं, विशेषतः ऑपरेशन, बाळंतपण किंवा लांबच्या प्रवासानंतर. तिथे चोळायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक मिनिट थांबायचं नाही.

पायाला मुंग्या, बधिरपणा, ताकद कमी वाटणं, असं बरोबर असेल तर शुगर, थायरॉइड, किडनी आणि बी-१२ तपासून घ्या.

न्यूजर्सीकर:
इकडे आमच्या ओळखीच्या आजोबांना कुणीतरी क्विनाइन सुचवलं होतं, मलेरियाचं औषध. पूर्वी पायाच्या गोळ्यांवर खूप द्यायचे. पण त्याने प्लेटलेट्स धोकादायक कमी होणं, हृदयाचे ठोके बिघडणं असे प्रकार झाले म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, २००६ मध्ये पायाच्या गोळ्यांसाठी ते वापरू नका असा इशारा दिला आणि २०१० मध्ये पुन्हा दिला. कुणी घरातल्या जुन्या प्रिस्क्रिप्शनवरून घेत असेल तर कृपया डॉक्टरांशी बोला.

पोळीवाली_ठाणे:
पाच आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल सॉरी, लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या.

पाकीट घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, रक्त तपासलं, पोटॅशियम थोडं कमी निघालं, सोडियम ठीक, कॅल्शियम ठीक, शुगर आणि थायरॉइड नॉर्मल. गोळी बदलून दिली, बी.पी. आता रोज घरी मोजून वहीत लिहिते, आटोक्यात आहे. काळा दोरा नणंदेला वाईट वाटू नये म्हणून ठेवलाय, राहू दे.

व्यायाम एक दिवस चुकवला नाही. मिस्टरांच्या हाताखालीच चालतो, ते घड्याळ धरून सेकंद मोजतात, आता तेही भिंतीला हात लावून उभे राहतात कारण त्यांच्याही पोटऱ्या आखडलेल्या निघाल्या. पायाखाली मॅट टाकली. मदतीला येते त्या मुलीच्या बाजूला पण टाकली, ती बावीस वर्षांची आहे पण तिचेही पाय दुखायचेच, कधी बोलली नव्हती. सेक्रेटरींना भेटले, त्यांच्या मिसेसच मधे पडल्या आणि चावी मिळाली, पैसे नको म्हणाल्या. आता दोन लिटरची बाटली ओट्यावर समोरच असते, दुपारी ताकही घेते.

आधी आठवड्याला चार यायचे, गेल्या पंधरा दिवसांत दोनच आले. बी.पी.ची गोळी बदलल्यामुळे कमी झाले की ताणण्यामुळे की पाण्यामुळे ते मला सांगता येणार नाही, मी काहीच सोडणार नाहीये. परवा रात्री आला तेव्हा ओढणी उशाशीच होती, पण मी पलंग धरून उठले, टाच फरशीला दाबली, वीस मोजेपर्यंत सुटला. मिस्टरांना जागही आली नाही.