शब्द हवा : पैसा नसलेला समाज

प्रश्न : 'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेवर लेख लिहितोय. तिथल्या पैसा नसलेल्या समाजाला एका शब्दात काय म्हणावं? 'निर्धन' म्हटलं की गरिबी दिसते, 'कॅशलेस' म्हटलं की क्यूआर कोड.

उत्तर : 'निर्धन' तर नकोच, आणि कारण फक्त गरिबीचं नाही. गोधन, पशुधन या शब्दांत नाणं कुठेच नाही; धन म्हणजे जवळ असलेली संपत्ती. मालिकेच्या 1990च्या एका भागात अंतराळजहाजाचा कॅप्टन पिकार्ड फ्रान्समध्ये घरी जातो, तिथे त्याचा भाऊ घराण्याचा द्राक्षमळा सांभाळतोय. पैसा गेला असेल, पण मळा पिकार्डांचाच राहिला. मग धन गेलं कुठे?

'चलनमुक्त' मला आधी पटला होता. 1986च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात आधीच्या मालिकेतला कॅप्टन कर्क सांगतो की 23व्या शतकात आम्ही पैसे वापरत नाही. पण त्याच शतकात घडणाऱ्या 1967च्या भागात ट्रिबल नावाच्या गुबगुबीत प्राण्यांवरून विक्रेता आणि बारवाला क्रेडिटमध्ये घासाघीस करतात. क्रेडिट हे चलनच झालं. 1987मध्ये सुरू झालेल्या, पिकार्डच्या मालिकेच्या पहिल्या भागात तर जहाजावरची डॉक्टर क्रशर कापडाचा अख्खा तागा घेते, जहाजावर पाठवायला सांगते आणि तो स्वतःच्या नावावर मांडायला लावते. आपल्याकडे वाण्याला सांगतात तसंच!

म्हणून मी साधा 'बिनपैशाचा समाज' सुचवेन. 'हिशेब' शब्दाच्या वाटेला जाऊ नका. 'बेहिशेबी' म्हटलं की लोकांना छाप्यात सापडलेली मालमत्ता आठवते. शिवाय पैसा नाही म्हणून हिशेब नाही, असं होत नाही. सुतार, लोहार, कुंभार सुगीला खळ्यावरून धान्याचं बलुतं न्यायचे. हातात नाणं पडत नसे, तरी कोणाला किती हे ठरलेलं असे, तेही जातीनुसार. पटकथा लिहिणाऱ्यांनी पैसा काढला, पण वाटा कोण ठरवतं हे सांगितलंच नाही. मला खटकतं ते हेच.

प्रश्न : मग ताग्याच्या प्रसंगाला 'उधारी' लिहू?

उत्तर : नको. उधारी म्हटलं की पुढे पैसे चुकते करणं आलं. 'खात्यावर मांडा' एवढंच ठेवा. खातं आहे हे दिसतं. ते कशानं फेडायचं हे त्या प्रसंगात कोणी सांगत नाही.