मदत हवी आहे: कड्यांच्या चिलखताची काख

प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून ओवायची, त्या नेहमीच्या विणीत सदरा करतेय. गॅल्व्हनाइज्ड तार १.६ मिमी, कडीचा आतला व्यास ८ मिमी. धड मस्त बसलंय. कमरेला पट्टा आवळला की खांद्यांवरचा भारही बराच हलका होतो. घोडं अडलंय काखेत. हात वर केला की अख्खा सदरा वर खेचला जातो, तिथल्या कड्यांची तोंडं फाकतात आणि एखादी टपकन खाली पडते. तिथे चौकोनी तुकडा विणून घालू, की काख सरळ उघडीच ठेवू? बाहीची वीण धडाला ४५ अंशांत जोडून कुणी पाहिलीय का? फक्त कड्यांना रिव्हेट मारा म्हणू नका, तेवढा धीर माझ्यात नाही!