विषय: पारोळ्याचं दातांचं शिबिर, शनिवारी की मधल्या वारी?

मंडळी, नमस्कार.
डिसेंबरात अमेरिकेतून घरी जाणाऱ्या चार कुटुंबांनी पारोळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दंततपासणी शिबिर घ्यायचं ठरवलं आहे. अभ्यास बुडू नये असं गुरुजींचं म्हणणं, म्हणून शनिवारची सकाळ धरली आहे. दोन डॉक्टर, दोनशे ब्रश-पेस्ट आणि एक बॅनर. सूचना रविवारपर्यंत कळवा.
– सचिव

---

सचिवभाऊ, बॅनरचं नंतर बघू.

मी इथे न्यू जर्सीत शाळेत नर्स आहे, माहेर अमळनेर. दातासाठी पोरांची शाळा बुडावी की नाही, यावर आम्हा नर्सांमध्येच दोन तट आहेत. माझी एक सहकारी म्हणते, अपॉइंटमेंट सुट्टीत घ्या. सुट्टीपर्यंत दाढ थांबते थोडीच! त्यात सरकारी विमा घेणारे दंतवैद्य मोजके, ते देतील ती वेळ घ्यावी लागते, आणि ती हमखास भरशाळेतली असते. अशी रजा मंजूर होते हो, पण गैरहजेरीच्या हिशेबात धरतातच. 180 दिवसांच्या वर्षात 18 दिवस, म्हणजे 10 टक्के भरले की पोर ‘सतत गैरहजर’च्या यादीत. मग मुख्याध्यापकबाई माझ्याकडे बघतात, जणू दाढ मीच किडवली.

गेल्या वर्षी तिसरीतली एक मुलगी लागोपाठ तीन सोमवार कान दुखतो म्हणून माझ्याकडे आली. कान स्वच्छ. तोंड उघडायला लावलं तर खालच्या डाव्या दाढेत तीळ मावेल एवढा काळा खड्डा. आईला फोन केला तर म्हणाली, “दुधाची आहे, पडेल आपोआप.” दुधाची नव्हती. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे ही कायमची दाढ येते. ती यायला कुठला दात पडावा लागत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच नसतो. त्या तीन सोमवारी पोरगी हजेरीपटावर हजर होती. डोक्यात काय शिरलं असेल ते देव जाणे.

नॉर्थ कॅरोलायनातल्या मुलांचा एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. दातदुखीने शाळा बुडते त्या मुलांचे गुण घसरलेले दिसले. नेहमीच्या तपासणीसाठी बुडते त्यांचे तसे नाही. मी तो छापून ऑफिसच्या दारावर लावलाय.

तेव्हा शनिवारचा हट्ट सोडा. आणि तपासणीनंतर पुढे काय, ते आधी ठरवा.
– अमळनेरची ताई

---

ताई, मी सध्या गावीच आहे. माझी वहिनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात नर्स आहे, तिला तुमचा मेल वाचून दाखवला. आधी हसली. म्हणाली, आपल्या शाळेला कुठली आली नर्स! ही योजना 2013 ची. पथकाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. दात बॅटरीच्या उजेडात बघायचे, कीड दिसली की रुग्णालयाची चिठ्ठी. पुढच्या वर्षी तीच चिठ्ठी त्याच पोराच्या कंपासपेटीत घडी घातलेली सापडते, आणि दाढेचा खुंट झालेला असतो.

तिचंच अहिराणी वाक्य देतो (शेतस म्हणजे आहेत): “चिठ्ठी देवाले समदा शेतस, दवाखानामा लई जावाले कोनीच नही.”

कारण सांगायला नकोच. कापसाची वेचणी चालू, मजुरी किलोवर. एसटीत आईचं तिकीट 2023 पासून अर्धं झालं, पण बुडालेली मजुरी काही अर्धी होत नाही. दाढ ठणकली की आजी मशेरी दाबते. पोर दोन दिवस गप्प होतं, आणि मशेरीची चटक लागते ती वेगळीच.

शनिवार तर नकोच, त्या गावचा बाजार त्याच दिवशी असतो, अर्धी शाळा रिकामी. बुधवार घ्या. आणि खिचडीच्या आधी! खिचडी खाल्ल्यावर दाढेत कीड दिसत नाही, डाळ दिसते. दुसरं, खिचडी एकाच बाजूने चावणारी किंवा ताट तसंच ठेवणारी पोरं वाढणाऱ्या मावशींना पाठ असतात. त्यांना आठवडाभर आधी विचारून ठेवा. वहिनी म्हणते, बॅटरीपेक्षा मावशींचा डोळा बरा.
– पारोळ्याहून

---

आम्ही राखुंडीनं दात घासले आणि सत्तरीत ऊस सोलतोय. एवढं अवडंबर कशाला?
– काका

---

काका, तुमच्या वरच्या कवळीचं बिल मीच भरलं होतं, विसरलात?

बाकी मंडळींसाठी हिशेब: ब्रश-पेस्ट दोनशेऐवजी शंभर, बॅनर रद्द. वाचलेल्या पैशांत एक जीप धुळ्याला दोन फेऱ्या करेल. तिथे डेंटल कॉलेज आहे, कोणत्या वारी येऊ ते आधी विचारतो. सोबत येणाऱ्या आईला त्या दिवसाची मजुरी रोख द्यावी असं माझं मत. वार्षिक अंकाला फोटो जीपचा चालेल.
– खजिनदार

---

मजुरीला माझा पाठिंबा. बुधवारही पक्का.

एकच राहिलं. जीपमध्ये बसून धुळ्याला गेलेल्या पोरांची त्या दिवशी हजेरी लागणार की गैरहजेरी, ते गुरुजींना जायच्या आधी विचारा.
– ताई