पाठीवर सॅक घेऊन ब्रुनेईत : आपापले अनुभव लिहावेत

बोर्निओ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील ब्रुनेई हा देश क्षेत्रफळाने ५,७६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साधारण दीडपट आहे आणि त्याची लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास आहे. तेल आणि नैसर्गिक वायूच्या उत्पन्नामुळे तो आशियातील श्रीमंत देशांत गणला जातो. सिंगापूर, थायलंड, व्हिएतनाम यांवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. ब्रुनेईचा विषय निघाला की मात्र ‘तिथे एक दिवस पुरतो’ एवढेच ऐकायला मिळते. मी २०२५ च्या जानेवारीत तेथे पाच दिवस राहिलो. २०२४ च्या नोव्हेंबरात चेन्नईहून थेट विमान सुरू झाल्यामुळे जाणे सोपे झाले होते. माझ्या मते ते एका दिवसाचे मत मोटारीतून देश पाहणाऱ्यांचे आहे. जो पायी, बसने आणि होडीने हिंडतो त्याला हा देश बराच वेगळा दिसतो. म्हणून ज्यांनी कमी खर्चात, सामान पाठीवर घेऊन ब्रुनेई पाहिला आहे त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती. राहण्याची सोय, खाणे, फिरण्याची साधने आणि कोठे अडचण आली, हे आवर्जून सांगावे.

पुणे, २०१६ मधील प्रवास

मी मलेशियाच्या सारावाक राज्यातील मिरी शहरातून बसने ब्रुनेईत उतरलो. नकाशावर पाहिले तर हा देश दोन तुकड्यांत विभागलेला दिसतो, कारण मध्ये मलेशियाचा लिंबांग जिल्हा शिरला आहे. त्यामुळे त्या काळी राजधानी बंदर सेरी बेगावानहून रस्त्याने मलेशियाच्याच कोटा किनाबालू शहराला जायचे झाल्यास ब्रुनेईतून बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर असे करावे लागे आणि एकाच दिवसात पासपोर्टवर सात-आठ शिक्के पडत. माझा मलेशियाचा व्हिसा अनेक प्रवेशांचा असला तरी ब्रुनेईचा एकाच प्रवेशाचा होता. ही गोष्ट मला मिरीच्या बसथांब्यावर एका सहप्रवाशाने लक्षात आणून दिली आणि मी परतीचा बेत बदलून सेरासा धक्क्यावरून फेरीबोटीने लाबुआन बेटामार्गे गेलो. जमिनीवरून जाणाऱ्यांनी व्हिसा काढतानाच किती वेळा प्रवेश मिळणार आहे हे पाहून घ्यावे.

मुक्काम मी युवा केंद्राच्या वसतिगृहात केला. एका रात्रीचे १० डॉलर पडले. स्त्री-पुरुषांच्या खोल्या कटाक्षाने वेगळ्या होत्या आणि आवारात पोहण्याचा तलाव होता. ब्रुनेईचा डॉलर १९६७ च्या करारापासून सिंगापूरच्या डॉलरशी बरोबरीचा आहे, त्यामुळे खिशातल्या सिंगापुरी नोटा सगळीकडे बिनतक्रार चालल्या.

सर्वाधिक वेळ मी कांपोंग आयर या पाण्यावरील वस्तीत काढला. १५२१ साली दर्यावर्दी मॅगेलनच्या ताफ्यातील इटालियन वृत्तांतकार पिगाफेत्ता येथे आला, तेव्हा संपूर्ण शहर खाऱ्या पाण्यात खांबांवर उभे आहे आणि त्यात पंचवीस हजार चुली आहेत असे त्याने लिहून ठेवले. आज वस्ती बरीच आटली असली तरी शाळा, मशिदी, अग्निशमन केंद्र, पेट्रोलपंप असे सारे काही अजूनही पाण्यावर आहे. काठावर उभे राहिले की पेनाम्बांग म्हणजे प्रवासी होडी आपणहून जवळ येते आणि एका डॉलरमध्ये पलीकडे नेते. लाकडी फळ्यांच्या पुलांवरून चालताना काही फळ्या पायाखाली दबतात, काही ठिकाणी एखादी फळी नसतेच, आणि त्या फटीतून खाली तपकिरी पाणी हलताना दिसते. एका घरासमोर एक आजी कोळंबीचे केरोपोक उन्हात वाळत घालीत होत्या. पापड वाळत घालणाऱ्या माझ्या आजीप्रमाणेच त्या एकेक चकती बोटाने दाबून पाहत आणि ओलसर वाटली तर उलटून ठेवीत. मी थांबून पाहतो आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी आत जाऊन तळलेल्या केरोपोकची एक बशी आणून माझ्यासमोर ठेवली. भाषेची देवाणघेवाण ‘तेरिमा कासिह’ (धन्यवाद) या दोन शब्दांपुढे गेली नाही.

नाशिक, एकटीचा प्रवास

मी एकटी गेले होते आणि वरील लेखनात सुरक्षिततेचा उल्लेख नाही, म्हणून त्यापासून सुरुवात करते. दक्षिण-पूर्व आशियातील मी पाहिलेल्या सर्व शहरांत बंदर सेरी बेगावानमध्ये मला सर्वांत निर्धास्त वाटले. कोणी टक लावून पाहत नाही, कोणी मागे लागत नाही. मात्र रात्री आठ-नऊनंतर रस्ते रिकामे होतात आणि सायंकाळी सहाच्या सुमारास शहरबसही बंद होते, त्यामुळे गाडोंगच्या रात्रबाजारातून परतायचे कसे हे आधी ठरवावे लागते. शेजारच्या देशांत टॅक्सीसाठी वापरले जाणारे ग्रॅब ॲप येथे चालत नाही. त्याऐवजी डार्ट नावाचे स्थानिक ॲप आहे, ते उतरल्याबरोबर फोनमध्ये घ्यावे.

माझी चूक शुक्रवारची. शुक्रवारी दुपारी १२ ते २ या वेळेत नमाजासाठी देशभर दुकाने, कार्यालये आणि उपाहारगृहेही बंद असतात, हे मी वाचले नव्हते. सकाळी न्याहारी न करता निघाले आणि सव्वाबाराला एका मोठ्या बाजारसंकुलाच्या बंद दारासमोर पोहोचले. ऊन असे की डांबराचा वास येत होता. तेथील पहारेकरी वयाने माझ्या वडिलांएवढे असावेत. त्यांनी मला सावलीतील स्वतःची खुर्ची दिली, डब्यातील भाताची पुडी आणि उकडलेले अंडे अर्धे अर्धे केले आणि मी नको म्हणत असतानाही माझ्यापुढे सरकवले. दोन वाजता शटर वर गेले तेव्हा मी पैसे देऊ केले. त्यांनी उजवा हात छातीवर ठेवून नकार दिला.

ओमर अली सैफुद्दीन मशीद १९५८ मध्ये पूर्ण झाली. तिचा सोनेरी घुमट दिवसा सुंदर दिसतो, पण सायंकाळी दिवे लागल्यावर भोवतालच्या तळ्यात जे प्रतिबिंब उतरते ते पाहण्यासाठी तासभर हाताशी ठेवावा. आत जाताना स्त्रियांना काळा झगा देतात, तो निमूटपणे घालावा. नमाजाच्या वेळी इतरांना प्रवेश नसतो. आणखी दोन गोष्टी : परपुरुषाशी हस्तांदोलनाची प्रथा नाही, आणि काही दाखवायचे झाल्यास तर्जनीऐवजी उजव्या हाताचा अंगठा वापरतात.

सेरिया येथे सात वर्षे वास्तव्य असलेले एक कुटुंब

येथे राहणारे म्हणून थोडी भर घालतो. या देशाच्या श्रीमंतीचा उगम पाहायचा असेल तर राजवाड्याऐवजी सेरियाला यावे. १९२९ मध्ये येथे तेल सापडले आणि शंभर कोटीव्या पिंपाच्या स्मरणार्थ १९९१ मध्ये किनाऱ्यावर स्मारक उभारले गेले. तेल उपसणारे पंप आजही घरांच्या मागे, मैदानांच्या कडेला संथपणे माना हलवीत असतात आणि मुले त्यांच्याजवळच खेळतात. ब्रिटिश सैन्याची गुरखा पलटण याच गावात असल्यामुळे बाजारात नेपाळी कानावर पडते, आणि भारतीय प्रवासी ते ऐकून चकित होतात.

बसचे भाडे राजधानीत एक डॉलर आहे; परंतु बस वेळेवर येईल ही अपेक्षा धरू नये. पेट्रोल लिटरला ५३ सेंट आणि घरटी दोन-तीन मोटारी असल्यामुळे बस हे प्रामुख्याने परदेशी कामगारांचे वाहन आहे. प्राप्तिकर नाही, आणि नागरिकांना उपचार व शिक्षण जवळजवळ विनामूल्य आहे; पण त्या सुबत्तेचा लाभ पायी चालणाऱ्याला मिळत नाही, कारण पदपथ अचानक संपतात. उन्हात सॅक घेऊन चालणारा माणूस दिसला की कोणीतरी मोटार थांबवून ‘कोठे सोडू?’ असे विचारतेच. आम्हीही थांबतो.

मद्यविक्रीला बंदी आहे. मुस्लिमेतर प्रौढ प्रवाशाला मर्यादित प्रमाणात, २ बाटल्या आणि बिअरचे १२ डबे, स्वतःपुरते आणता येतात. त्याची नोंद सीमेवर करावी लागते. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास दंड होतो. हे नियम गांभीर्याने पाळले जातात, प्रवाशांनीही तसेच घ्यावेत.

कोल्हापूर, शाकाहारी प्रवाशाकडून

शाकाहारी माणसाने उपाशी राहण्याचे कारण नाही, परंतु विचारल्याशिवाय खाऊ नये. कांगकोंग या पालेभाजीची भाजी हिरवीगार दिसली तरी तिच्यात बहुधा बेलाचान म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी असते. ‘नासी कातोक’ हा भात, तळलेली कोंबडी आणि सांबाल ही मिरचीची चटणी यांचा एक डॉलरचा पुडा येथे सर्वांचा आधार आहे. ‘कातोक’ म्हणजे दार ठोठावणे. रात्री दार ठोठावून भात मागण्याच्या सवयीवरून हे नाव पडले असे सांगतात. मी नुसता भात आणि सांबाल मागितला, तर सांबालातही बेलाचान निघाले. दक्षिण भारतीय खाणावळींनी मला सांभाळले.

पण आंबुयात हा पदार्थ मात्र मी मनापासून खाल्ला. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. येथे तो रुंबिया नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या खोडातून काढतात. त्या पिठावर उकळते पाणी ओतून घोटत राहिले की पांढऱ्याचे पारदर्शक होते, आणि ज्यांनी लहानपणी कुरडयांचा गरम चीक वाटीतून खाल्ला आहे त्यांना भांड्याकडे पाहताक्षणी ओळख पटेल. चांदास या बांबूच्या दुपाखी चिमट्याने चीक गुंडाळून उचलायचा, आंबट फळांच्या चटणीत बुडवायचा आणि न चावता गिळायचा. त्याला स्वतःची चव नाही, सारी चव चटणीची. चटणीत मासळी असते हे विसरू नये. माझ्यासाठी मालकीणबाईंनी नुसती बिंजाई फळ आणि मिरचीची वेगळी चटणी वाटून दिली. माझ्या हातून चिमटा तीनदा निसटल्यावर त्यांनी माझे मनगट धरून तो कसा फिरवायचा ते दाखवले.

ठाणे, रमजान आणि ईद २०१८

रमजानमध्ये दिवसा उपाहारगृहात बसून कोणालाच, अगदी परधर्मीयालाही, जेवता येत नाही. पुडा बांधून न्यावा आणि खोलीत खावे. सूर्यास्तानंतर मात्र सुंगकाई, म्हणजे उपवास सोडण्याची वेळ येते आणि रस्त्यालगतच्या तंबूंत गर्दी उसळते. ईदच्या काळात ‘इस्ताना नुरुल इमान’ हा १,७८८ खोल्यांचा राजवाडा तीन दिवस सर्वांना खुला असतो. मी ट्रेकच्या बुटांत, धुऊन इस्त्री केलेला एकुलता एक सदरा घालून रांगेत उभा राहिलो. आधी सर्वांना पोटभर जेवण, मग पुरुषांनी सुलतानांना आणि स्त्रियांनी राणीसाहेबांना भेटायचे. १९६७ पासून गादीवर असलेल्या सुलतानांनी माझा हात हातात घेतला तो क्षण दोन सेकंदांचा असेल. परतताना प्रत्येकाच्या हाती केकची पेटी दिली. माझ्या पुढे रांगेत एक बांगलादेशी बांधकाम मजूर होता; त्याने ती पेटी उघडली नाही, सोबत्यांसाठी जपून नेली.

रत्नागिरी, तेंबुरोंगचे अरण्य

आतापर्यंत कोणी तेंबुरोंगबद्दल, म्हणजे देशाच्या पूर्वेकडील सुट्या तुकड्याबद्दल, लिहिलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच या देशाचा गाभा आहे. पूर्वी तेथे जाण्यासाठी राजधानीहून वेगवान होडीने बांगार गाठावे लागे. २०२० च्या मार्चमध्ये सुमारे ३० किलोमीटर लांबीचा पूल खुला झाला आणि आता मोटारीने जाता येते. बातांग दुरीपर्यंतच रस्ता आहे. उलू तेंबुरोंग राष्ट्रीय उद्यानात पुढे केवळ तेमुआई या अरुंद लांब होडीने जाता येते. मार्गदर्शकासह जावे लागल्यामुळे माझ्या संपूर्ण प्रवासातील हा सर्वांत मोठा खर्च ठरला, तरीही तो टाळू नये.

पाणी उथळ होते. नाळेवर बसलेला इबान या आदिवासी जमातीचा तरुण काठीने दगड चाचपत होता आणि होडी घासू लागली की एक शब्द न बोलता पाण्यात उतरून तिला खांद्याने रेटीत होता. त्यानंतर लाकडी पायऱ्यांची दमछाक करणारी चढण आणि शेवटी ॲल्युमिनियमच्या मनोऱ्यांवर टांगलेला, जमिनीपासून सुमारे ५० मीटर उंचीचा मार्ग. एका वेळी मोजक्याच माणसांना वर सोडतात. मनोरा वाऱ्याने किंचित हलतो, हाताखालची शिडी दवाने थंड असते. सह्याद्रीत इतकी वर्षे हिंडूनही मी वृक्षांकडे नेहमी खालूनच पाहिले होते. येथे प्रथमच शेंड्यांच्या पातळीवर उभा राहिलो आणि धुके खालून वर येताना पाहिले.

हे अरण्य टिकले त्याचे एक कारण तेलच आहे. सारावाकमधून येताना विमानाच्या खिडकीतून तेलताडाच्या सरळ ओळी मैलोन्‌मैल दिसतात. ब्रुनेईला उत्पन्नासाठी लाकूड विकण्याची किंवा तशा बागा लावण्याची गरज पडली नाही, आणि देशाचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग आजही वनाखाली आहे. २००७ मध्ये ब्रुनेई, मलेशिया आणि इंडोनेशिया यांनी बोर्निओच्या मध्यभागातील वने राखण्याचा संयुक्त जाहीरनामा केला. आमच्या कोकणात देवरायांतील जुने वृक्ष तुटल्याने धनेशाला ढोली मिळेनाशी झाली, हे आम्ही डोळ्यांदेखत पाहतो आहोत. त्यामुळे त्या मनोऱ्यावर असताना पंखांचा तो ओळखीचा ‘हुश्‌ हुश्‌’ आवाज ऐकू आला तेव्हा मी मार्गदर्शकाने सांगण्याआधीच मान वळवली. शिंगासारखी लाल-केशरी चोच असलेली धनेशाची जोडी आमच्या पायांखालून, झाडांच्या शेंड्यांवरून उडत गेली, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही पंखांचा आवाज काही वेळ येत राहिला.