प्रॉपर्टी म्हणजे मालमत्ता की गुणधर्म?

प्रश्न: अंब्राको या सीएमएसमधल्या (वेबसाइटचा मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालीतल्या) 'प्रॉपर्टी व्हॅल्यू कन्व्हर्टर'ची युनिट टेस्ट कशी लिहावी, यावर टीमसाठी मराठीत टिपण लिहितोय. यंत्राला भाषांतर करायला सांगितलं तर 'मालमत्ता मूल्य रूपांतरण' असं आलं. वाचणाऱ्याला वाटेल खरेदीखत चाललंय. सुचवा.

उत्तर: मालमत्ता अर्थातच नको, गुणधर्म. 'मूल्य'ही मला जड वाटतं. बीजगणितात आपण 'क्षची किंमत काढा' असंच म्हणत आलो. तेव्हा गुणधर्माची किंमत.

उत्तर: आणि 'किंमत' नावाचाच गुणधर्म असला तर? किमतीची किंमत? मूल्यच राहू द्या.

उत्तर: मला खटकतो तो 'रूपांतरण'मधला 'ण'. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, रूपांतर म्हणजे दुसरं रूप. करण्याची क्रियाही त्यातच आली. शिवाय 'अपूर्णांकाचे दशांश रूपात रूपांतर करा' या गणितात रूप बदलतं, किंमत तीच राहते. कन्व्हर्टर दुसरं काय करतो? हो-नाहीच्या गुणधर्मासाठी डेटाबेसात १ असतो, टेम्प्लेटच्या (पानाची मांडणी ठरवणाऱ्या साच्याच्या) हाती 'ट्रू', म्हणजे 'हो', पडायला हवं. आताच्या अंब्राकोत हे दोन टप्प्यांत होतं: साठवलेल्यातून मधलं रूप, मधल्यातून टेम्प्लेटला लागणारं. दोन्हींची चाचणी वेगळी घ्या. मी एकदा फक्त १ आणि ० तपासून मोकळा झालो होतो. जुन्या साइटवरून आणलेल्या मजकुरात १ऐवजी 'ट्रू' असं अक्षरी लिहिलेलं निघालं, आणि माझ्या कन्व्हर्टरने त्या सगळ्यांना बिनदिक्कत 'नाही' ठरवलं. एररसुद्धा नाही. रूप बदललं खरं, पण किंमतही बदलली, म्हणजे ते रूपांतर नव्हेच.

प्रश्नकर्ता: पटलं. 'ण' गेला. युनिट टेस्टला 'एकक चाचणी' म्हणू?

उत्तर: एकक म्हणजे मीटर, ग्रॅम. शाळेतली 'घटक चाचणी' आयती असताना नवा शब्द कशाला पाडायचा? तिथे जसा एकच धडा विचारतात, तसा इथे एकटा कन्व्हर्टर. डेटाबेस नको, सर्व्हर नको. प्रॉपर्टी टाइप मागेल तिथे मॉक, म्हणजे खऱ्याच्या जागी नकली, द्या. त्याला मी 'तोतया' म्हणतो. हुबेहूब नसला तरी चालतो, विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं की झालं.

उत्तर: तोतया झकास! मग 'नल' आणि 'एम्प्टी'चंही बघा. दोन्हींना सर्रास 'रिकामं' म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. कधी काही लिहिलंच नाही तो रकाना कोरा. लिहून मग पुसलं तो रिकामा. पहिल्यात नल (मूल्यच नाही), दुसऱ्यात शून्य लांबीची स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) असू शकते. निदान आपल्या टिपणात तरी दोन शब्द ठेवा.

प्रश्नकर्ता: टिपण बाजूला ठेवून आधी याच दोन नावांनी चाचण्या लिहिल्या, तारखेच्या कन्व्हर्टरवर. कोरा हिरवा (पास), रिकामा लाल (नापास). आता आधी कन्व्हर्टर दुरुस्त करतो, शीर्षक रात्री.