बायोस अपडेट ६२ टक्क्यांवर अडकलंय, बंद करू की थांबू?

खटपट्या

लॅपटॉपवर विंडोज अपडेटमधून बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या चिपवरच्या मूळ प्रोग्रॅमचं (फर्मवेअरचं) अपडेट आलं. रीस्टार्टनंतर कंपनीचा लोगो, खाली पट्टी आणि 'मशीन बंद करू नका' अशी ओळ. पट्टी ६२ टक्क्यांपर्यंत गेली आणि गेली ४० मिनिटं तिथेच आहे. पंखा पूर्ण वेगात. कॅप्स लॉक दाबला तर दिवा लागत नाही. चार्जर लावलेला आहे, सुरुवातीला बॅटरी ८० टक्क्यांच्या वर होती. बॅटरी आतली आहे, बाहेरून निघत नाही. इंटेल प्रोसेसर, विंडोज ११, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू.

किती वेळ थांबणं शहाणपणाचं? बंद करावंच लागलं तर कसं? आणि त्यानंतर स्क्रीन काळीच राहिली तर पुढे काय?

चिमटा

आधी हात बाजूला. ४० मिनिटांत निर्णय घ्यायचा नाही.

कॅप्स लॉक आणि पंखा, या दोन्ही खुणा इथे फसव्या आहेत. लॅपटॉपमध्ये कीबोर्ड, पंखा, चार्जिंग आणि पॉवर बटण हे सगळं एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप सांभाळते. बायोसच्या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा तिचंही फर्मवेअर असतं. ते लिहिलं जात असताना ती चिप स्वतःचं नेहमीचं काम करत नाही, म्हणून कीबोर्ड मुका होतो आणि पंख्याला लगाम राहत नाही. एरवी कॅप्स लॉक न लागणं म्हणजे मशीन लटकलं असं मानतात. अपडेट चालू असताना तो नियम लागू नाही.

पट्टीवरही फार भरवसा नको. ती बहुतेकदा मुख्य चिपवर किती लिहून झालं एवढंच मोजते. कंट्रोलर, इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (चिपसेटमधला स्वतंत्र छोटा प्रोसेसर), थंडरबोल्ट पोर्ट यांच्या फर्मवेअरचं लिखाण सुरू झालं की पट्टी जिथे असेल तिथे उभी राहते आणि शेवटी एकदम १०० वर उडी मारते.

आता वेळेचा हिशोब. बायोस ज्या फ्लॅश चिपवर असतो ती साधारण १६ किंवा ३२ एमबीची असते. लिहिण्याआधी प्रत्येक ४ केबीचा तुकडा पुसावा लागतो. नेहमीच्या विनबाँड चिपला एका तुकड्यासाठी सुमारे ४५ मिलिसेकंद लागतात, पण डेटाशीटमधली कमाल मर्यादा ४०० मिलिसेकंद आहे. १६ एमबीचे ४०९६ तुकडे होतात. म्हणजे एरवी पुसायला तीनेक मिनिटं आणि चिप अगदी संथ निघाली तर २७. ३२ एमबीला हीच कमाल ५५ मिनिटांच्या घरात जाते. वर २५६ बाइटचं एकेक पान लिहिणं, त्याला प्रत्येकी जास्तीत जास्त ३ मिलिसेकंद, म्हणजे आणखी साडेसहा मिनिटं. मग पडताळणी. थोडक्यात, सुरळीत चाललेलं अपडेट १०-१५ मिनिटांत संपतं, पण तासाभराच्या आत 'अडकलं' असं म्हणायला आधार नाही.

दोन तास पूर्ण होऊ द्या. पट्टी, पंख्याचा आवाज, स्क्रीनवरचा मजकूर, यातलं काहीही बदललं तर घड्याळ पुन्हा शून्यापासून धरा.

झटपट_रिपेअर

इतकं काय घाबरायचं? पॉवर बटण १० सेकंद दाबा, बंद करा, परत चालू करा. हल्ली सगळ्या मशीनमध्ये बॅकअप बायोस असतो, आपोआप परत येतो.

चिमटा

@झटपट_रिपेअर 'सगळ्या' नाही. बिझनेस लॅपटॉपच्या बऱ्याच मालिकांमध्ये स्वतःहून दुरुस्त होणारा बायोस असतो, काही डेस्कटॉप बोर्डांवर खरोखरच दोन चिप असतात. स्वस्तातल्या घरगुती मॉडेलवर मात्र पुष्कळदा एकच चिप आणि एकच प्रत. आणि जिथे बॅकअप आहे तिथेही तो मुख्य बायोसचा. कंट्रोलरचं फर्मवेअर अर्धवट राहिलं तर पॉवर बटणच ऐकेनासं होतं, मग बॅकअपपर्यंत पोहोचणार कोण?

वीज कधी तोडली यावर सगळं अवलंबून आहे. लिखाण सुरू होण्याआधी तोडली तर काहीच बिघडत नाही, जुना बायोस जसाच्या तसा असतो. सगळं लिहून झाल्यावर, म्हणजे पहिल्या बूटमध्ये तोडली तर सहसा निभावतं. मधल्या टप्प्यात तोडली तर नशीब. बाहेरून टप्पा ओळखता येत नाही, म्हणूनच थांबायचं. एका जागी पट्टी दोन तास गोठलेली असेल तर लिखाण चालू असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. वाट बघून मिळवायचं ते एवढंच.

निवांत

थांबताय तोवर दुसरं एक काम उरकून घ्या. फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा आणि बिटलॉकरची रिकव्हरी की शोधून ठेवा. ४८ अंकी असते, सहा-सहाचे आठ गट. फर्मवेअर बदललं की टीपीएममधली (सुरक्षेच्या चिपमधली) मोजमापं जुळत नाहीत आणि विंडोज ती की मागू शकतं. विंडोज अपडेटमधून आलेलं अपडेट सहसा बिटलॉकर तात्पुरता थोपवतं, पण अपडेट अर्धवट तुटलं तर त्या सोयीवर विसंबू नका. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटी विभागाकडे असते.

की मिळाली की कागदावर उतरवा आणि स्क्रीनवर दिसणारा की आयडी जुळतो का ते टाइप करण्याआधी बघा. खात्यात जुन्या ड्राइव्हच्याही की पडून असतात.

खटपट्या

धन्यवाद. की सापडली. आता सव्वादोन तास झालेत, ६२ वरच आहे, पंखाही तसाच. बंद करायचं ठरवलंय. क्रम सांगा.

चिमटा

१. सगळं बाहेरचं काढा: डॉक, पेनड्राइव्ह, बाहेरचा मॉनिटर, माउसचा डोंगल. चार्जर राहू द्या.

२. पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. पंखा थांबला, दिवे गेले की सोडा. १५ सेकंदांत काही झालं नाही तर चार्जर काढून पुन्हा ३० सेकंद धरा, काही मॉडेलवर पूर्ण एक मिनिट लागतं.

३. बंद झाल्यावर चार्जर काढलेला ठेवून बटण आणखी ३० सेकंद दाबून धरा. त्याने उरलासुरला विद्युतभार जातो आणि बऱ्याच मॉडेलवर कंट्रोलरही रीसेट होतो. थिंकपॅडच्या अनेक मॉडेलवर यासाठी खालच्या बाजूला बारीक छिद्र असतं. चार्जर काढून सिम काढायची पिन त्यात हलकेच दाबायची, आतला स्विच 'टक' झालेला बोटाला कळतो. मग एक मिनिट थांबायचं.

४. बटणाने बंदच होत नसेल तर मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर काढावा लागेल. वायर धरून ओढू नका, प्लॅस्टिकच्या कडेला नख किंवा प्लॅस्टिकची पट्टी लावून सरळ बाहेर सरकवा. काही कनेक्टरला आडवी तारेची कडी असते, ती आधी उचलायची. उघडायचं नसेल तर बॅटरी आपोआप संपू द्या. पंखा पूर्ण वेगात आहे, तासाभरात नाहीतर तीनचार तासांत संपेल.

५. चार्जर लावा आणि एकदाच चालू करा.

यानंतरच्या काळ्या स्क्रीनवर सगळ्यात जास्त लोक घाई करतात. नव्या बायोसचं पहिलं बूट म्हणजे रॅमचं ट्रेनिंग नव्याने. जतन केलेली जुनी टायमिंग टाकून दिली जातात आणि प्रत्येक मॉड्यूलला योग्य व्होल्टेज-टायमिंग पुन्हा शोधलं जातं. डीडीआर५ आणि जास्त रॅम असेल तर यात काही मिनिटं जातात, तोवर स्क्रीन काळी, लोगोसुद्धा नाही. मध्ये मशीन आपोआप बंद होऊन दोन-तीनदा चालू होणंही नेहमीचंच. १५ मिनिटं बटणाला हात नको.

निवांत

आणि १५ मिनिटांनीही काळीच राहिली तर रिकव्हरी. दुसऱ्या संगणकावर नेमक्या आपल्या मॉडेलची बायोस फाइल घ्या. 'त्याच मालिकेची' चालत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तर रिकव्हरीला ती दिसतच नाही आणि लोकांना वाटतं चिप गेली.

एचपी: चार्जर लावून, मशीन बंद असताना विंडोज आणि बी ही बटणं एकत्र दाबून धरा, पॉवर बटण २-३ सेकंद दाबून सोडा, पण ती दोन बटणं धरूनच ठेवा. काही मॉडेलवर बीऐवजी व्ही. पेनड्राइव्ह त्यांच्याच टूलने बनवायची, नुसती फाइल कॉपी करून भागत नाही.

डेल: चार्जर काढा, कंट्रोल आणि एस्केप धरून ठेवा, मग चार्जर लावा. रिकव्हरीची स्क्रीन आली की सोडा. अनेक मॉडेल हार्ड डिस्कवरच्या प्रतीवरूनच सावरतात, पेनड्राइव्हची वेळ येत नाही.

बाकी कंपन्यांसाठी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. बटणांच्या जोड्या अंदाजाने दाबत बसू नका. आणि चालू करताना कॅप्स लॉक किंवा पॉवरचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकत असेल तर किती वेळा, कोणत्या रंगात ते मोजा. त्या कोडवरून बायोस खराब आहे की रॅमच सापडत नाही हे मॅन्युअलमध्ये सरळ कळतं.

कोपऱ्यातला_टॉवर

मध्येच विचारतो: असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर हे झालं तर? तिथे बॅटरी नाही, कंट्रोलरची भानगडही नाही.

चिमटा

डेस्कटॉप सोपा. बोर्डावर फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून थेट बायोस लिहिण्याचं) बटण असेल तर स्क्रीन, रॅम काहीच लागत नाही, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरसुद्धा. २४ पिनचा आणि प्रोसेसरचा ८ पिनचा पॉवर कनेक्टर लावलेला हवा, एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) स्विच चालू, मशीन बंद. मागच्या पॅनेलवर खूण केलेलाच यूएसबी पोर्ट वापरा.

फाइलचं नाव महत्त्वाचं. एमएसआयला 'एमएसआय डॉट रॉम', गिगाबाइटला 'गिगाबाइट डॉट बिन', असूसच्या झिपमध्ये नाव बदलणारा छोटा प्रोग्रॅम असतो तो चालवा. विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं, त्यामुळे 'रॉम डॉट रॉम' असं दुहेरी नाव होण्याची चूक हमखास होते. असूसवर बटण तीन सेकंद, दिवा तीनदा लुकलुकेपर्यंत दाबायचं. दिवा विझला की काम झालं. पाचेक सेकंद लुकलुकून तो तसाच लागून राहिला तर फाइलचं नाव किंवा फॉरमॅट त्याला पटलेलं नाही.

सीमॉस (बायोसची सेटिंग जिथे साठतात ती मेमरी) क्लिअर करून तुटलेलं लिखाण दुरुस्त होत नाही, फक्त सेटिंग पुसली जातात. रॅमच्या जुन्या ओव्हरक्लॉकमुळे बूट अडलं असेल तेवढ्यापुरतं ते उपयोगी.

झटपट_रिपेअर

यातलं काहीच चाललं नाही तर १० मिनिटांत सीएच३४१ए प्रोग्रामर (चिपवर बाहेरून लिहिणारं छोटं यूएसबी यंत्र) आणि क्लिप लावून चिप लिहून टाकायची. विषय संपला.

चिमटा

उपाय बरोबर, '१० मिनिटं' नाही. बॅटरी सोडवल्याशिवाय क्लिप लावायची नाही. चिपवरचा नंबर वाचा: ३.३ व्होल्टची आहे की १.८ ची ते त्यावरून कळतं, १.८ च्या चिपला मधला अडॅप्टर हवाच. काळ्या रंगाचा स्वस्त प्रोग्रामर डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट सोडतो हे जगजाहीर आहे, व्होल्टेज निवडता येणारा घ्या. चिपला पाय नसतील, म्हणजे ती सपाट बुडाची असेल, तर क्लिप बसतच नाही.

लिहिण्याआधी चिप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइल तंतोतंत जुळतात का ते तपासा. जुळल्या नाहीत तर क्लिप नीट बसलेली नाही. ती प्रत जपून ठेवा: सीरियल नंबर, यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक), विंडोजची की, काही बोर्डांवर लॅनचा मॅक पत्ता, सगळं त्याच चिपवर असतं. कंपनीच्या साइटवरची फाइल म्हणजे पूर्ण चिपची प्रत नव्हे. ती तशीच ठोकली तर मशीन चालू होणार नाही, आणि दुसऱ्या लॅपटॉपची पूर्ण प्रत टाकली तर त्याची ओळख याला चिकटते. नव्या फाइलमधला फक्त बायोसचा भाग जुन्या प्रतीत बसवायचा. हे सरावाचं काम आहे. पहिल्यांदाच करणार असाल तर चिप लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या.

खटपट्या

चालू झाला! चार्जर काढून ३० सेकंद धरल्यावर बंद झाला. नंतर सहा-सात मिनिटं काळी स्क्रीन, दोनदा आपोआप रीस्टार्ट, मग बिटलॉकरने की मागितली. बायोसच्या सेटअपमध्ये आवृत्ती नवीनच दिसते. पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'फर्मवेअर'खाली एका नोंदीवर पिवळं चिन्ह आहे. पुन्हा अपडेट करू का?

चिमटा

म्हणजे मुख्य बायोस लिहून झाला होता, अडकला तो पुढचा एखादा घटक. सेटअपच्या पहिल्या पानावर कंट्रोलरची आणि मॅनेजमेंट इंजिनची आवृत्ती असते. कंपनीच्या साइटवरच्या रिलीज नोटमध्ये त्या पॅकेजसाठी कोणत्या आवृत्त्या दिल्यात ते बघून ताडा. जी जुनी असेल ती राहिलेली. लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह असेल तर ईएसआरटी नावाच्या, फर्मवेअर अपडेटची नोंद ठेवणाऱ्या तक्त्यात शेवटच्या प्रयत्नाचा कोड मिळतो: ० म्हणजे यशस्वी, ५ म्हणजे सही पटली नाही, ६ म्हणजे चार्जर नव्हता, ७ म्हणजे बॅटरी कमी, ८ म्हणजे आधी दुसरं काहीतरी अपडेट व्हायला हवं होतं.

पुन्हा करा, पण आज रात्री घाईने नको आणि विंडोज अपडेटमधून तर नकोच. आधी डेटाचा बॅकअप. मग कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर सस्पेंड करा. पूर्ण पॅकेज साइटवरून घेऊन फॅट३२ पेनड्राइव्हवर टाका आणि सेटअपमधल्या फ्लॅशच्या पर्यायातून चालवा. तीच आवृत्ती पुन्हा लिहायला बहुतेक मशीन आडकाठी करत नाहीत, जुनीवर जायला मात्र करतात. मूळ चार्जर थेट लॅपटॉपला, डॉकमधून नाही. कमी वॅटचा टाइप सी चार्जर असेल तर काही कंट्रोलर लिखाण सुरूच करत नाहीत आणि पट्टी पुन्हा तिथेच उभी राहील.